बॅनरवर बस नव्हती

आमची लेक इंग्लंडात निवडणुकीला उभी राहणार म्हणाली, तेव्हा माझा पहिला प्रश्न शाईचा होता.

"बोटाला शाई कोण लावतं तिथं?"

"कोणीच नाही, अप्पा. शाई नसतेच."

मग मशीनचं विचारलं. मशीनही नाही. कागदाची मतपत्रिका असते, आणि फुली मारायला दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. पेन्सिल! मी फोन हातात धरून खुर्चीतून उठलोच. खोडरबर घेऊन कोणी आलं तर? लेक हसली. तसं कोणी करत नाही, म्हणाली. कोणी करत नाही याची खात्री कोण देतो, असं मी विचारणार होतो, पण बायकोनं फोन काढून घेतला आणि जेवलीस का म्हणून सुरुवात केली.

माझी ही उलटतपासणी उगाच नव्हती. सरकारी हायस्कुलात मी गणित शिकवलं आणि नोकरीत असेपर्यंत आली ती प्रत्येक निवडणूक केंद्राधिकारी म्हणून पार पाडली. ओरत्तनाडूकडची गावं, तिरुवैयारूच्या पलीकडची, कालव्याकाठच्या एकखोली शाळा, सगळीकडे माझी ड्यूटी लागली आहे. केंद्राजवळ कुठल्या पक्षाची कागदी पताका लटकलेली दिसली तरी मी स्वतः उन्हात उभा राहून ती उतरवायला लावत असे. एका गावात त्यावरून मला घेरावही झाला होता. हे सगळं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी काय केलं ते वाचताना लक्षात असलेलं बरं.

लेक तिथं चौदा वर्षं आहे, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. ती राहते तो बरो म्हणजे आपल्याकडची नगरपालिका समजा. त्यातल्या एका वॉर्डातून ती अपक्ष उभी राहत होती. का, ते तिनं सांगितलं असणार. मी ऐकलं नसणार. माझ्या कानात तेव्हा एकच वाजत होतं, आमच्या घराण्यातलं माणूस निवडणुकीला उभं राहतंय. तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी आम्ही तंजावूरला आलो ते कुणाच्या तरी दरबारात कागद लिहायला. तेव्हापासून कागदच लिहितो आहोत. मतं मागायला कोणी गेलं नव्हतं.

उभं राहावं की नाही, हे बायकोनं आपल्या पद्धतीनं आधीच ठरवून टाकलं होतं. आमच्याकडे तमिळ शेजाऱ्यांची ही रीत पिढ्यान्‌पिढ्या मुरली आहे. पानाच्या दोन पुड्या करायच्या, एकीत पांढरं फूल, एकीत तांबडं. देवापुढं टाकायच्या आणि डोळे मिटून एक उचलायची. पांढरं आलं, म्हणजे देवाचा होकार. मी म्हटलं, दोनातून एक, शक्यता निम्मी, यात देवाचा काय संबंध? ती म्हणाली, "तुमचं गणित शाळेत ठेवून आलांत ना, मग ते तिथंच राहू दे." बायकोला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून हे सगळं मी निर्धास्त लिहू शकतो.

मग लेकीच्या प्रचारपत्रकाचा फोटो आला. छान हसरा चेहरा, खाली तिचं नाव, खाली "चौदा वर्षं तुमची शेजारीण." मी चष्मा लावून मागंपुढं सगळं वाचलं. तंजावूर कुठंच नाही. आम्ही कुठंच नाही. मला ते फार लागलं, आणि लागलं असं म्हणायची लाज वाटली म्हणून मी रागावलो. मेहुण्यानं नेमका त्याच संध्याकाळी येऊन मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं.

"भाऊजी, आपण बॅनर लावू."

आमच्या गावात बॅनर कशाचा लागत नाही? लग्नाचा, कान टोचल्याचा, साठीचा, मोटारसायकल घेतल्याचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कॉफीपूडवाला आहे, त्याच्या भिंतीवर एका वेळी तीन तरी असतातच. मेहुण्यानं फ्लेक्सवाल्याला फोटो दिला, तोही तिच्या लग्नातला, कांजीवरमवाला. फ्लेक्सवाल्यानं तिचं डोकं दुसऱ्याच कुणा बाईच्या हात जोडलेल्या धडावर बसवलं. मागं लंडनचा पूल टाकला. तिचं गाव लंडनपासून रेल्वेनं दोन तास लांब आहे, पण पूल त्याच्याकडे तयार होता. आणि वर तमिळमध्ये ठळक अक्षरांत: "वरुंगाल मेयर." म्हणजे भावी महापौर. खाली ओळीनं आमचे चेहरे, शुभेच्छुक म्हणून. मी पहिला.

परवानगी काढली का, असं मी एकदा विचारलं. "होईल" असं मेहुणा म्हणाला. केंद्राधिकारी असतो तर मी त्याला तिथंच धरला असता. पण मी बापच होतो आणि बॅनर सुंदर दिसत होता. दोन दिवस मी कॉफीपूड नको असताना कॉफीपूड आणायला गेलो.

तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. ती हळू बोलत होती, आणि ती हळू बोलायला लागली की मला घाम फुटतो.

"अप्पा, ते बॅनर कुणी लावलं?"

मेहुण्यानं फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. तिथून कुणीतरी कौतुकानं तो थेट तिच्या वॉर्डातल्या लोकांच्या ग्रुपवर पोचवला. हल्ली फोन स्वतःच भाषांतर करून देतो. अख्ख्या वॉर्डानं वाचलं, भावी महापौर. समोरच्या उमेदवाराची माणसं विचारत होती की बाईंना आमचं काम करायचंय की गावाकडं मिरवायचंय.

"लोक बोलतात ते बोलू दे," ती म्हणाली. "पण शेजारच्या आजोबांनी माझी पत्रकं परत आणून दिली."

हे आजोबा म्हणजे तिच्या भिंतीला भिंत लागून राहणारे निवृत्त बसचालक. ती उभी राहिली तीच मुळी त्यांच्यामुळं, हे मला मागाहून कळलं. गुडघे गेलेले, तरी रोज काठी टेकत चार रस्त्यांवर पत्रकं टाकून येत. त्यांनी दारात गठ्ठा ठेवला आणि म्हणाले, तुला महापौर व्हायचंय हे तू मला सांगितलं नव्हतंस. दार लावून घेतलं.

"मज एकदा विचारलांत का, अप्पा? एकदा?"

 मतदानाला दहा दिवस राहिले होते. त्याच दुपारी मी शिडी घेऊन गेलो आणि बॅनर स्वतः उतरवला. कॉफीपूडवाला विचारत होता, काय झालं सार, पडली का? मी म्हटलं, अजून मतदानही नाही. गुंडाळी घरी आणून टाकली. चित्तिरै महिन्याचं ऊन, बायकोचं वडाम घालायचं काम जोरात होतं. वडाम म्हणजे आपल्या कुरडयांची इकडची भावंडं. तिनं बॅनर गच्चीवर पालथा अंथरला आणि त्यावर वडाम घालून मोकळी झाली.

मला मात्र तसं मोकळं होता येईना. शेवटी मीच लेकीला म्हटलं, त्या आजोबांशी मला बोलू दे. ती नको म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं. तिसऱ्या दिवशी जावयानं फोन त्यांच्या दारात नेला.

पडद्यावर एक लांबट, तांबूस चेहरा आला. तिथं म्हाताऱ्या माणसालाही नावानं हाक मारतात, मला ते जमेना, मी "सर" म्हणालो. माझं इंग्रजी शाळामास्तरचं आहे, तरी सगळं सांगितलं. चूक माझी आहे, मुलीला काही ठाऊक नव्हतं. आमच्या गावात पाच वर्षांच्या पोराच्या वाढदिवसालाही भावी मुख्यमंत्री असं छापतात, त्याचा अर्थ एवढाच की घरचे खूश आहेत. त्यांचा चेहरा हलला नाही.

"काय काय लिहिलंय त्यावर? वाचून दाखवा."

मी फोन घेऊन गच्चीवर गेलो. बायको ओरडत असताना एका कोपऱ्यातले वडाम बाजूला केले, बॅनर उलटा केला आणि ओळ न्‌ ओळ वाचली. भावी मेयर. तंजावूरची कन्या. शुभेच्छुक, वडील. शुभेच्छुक, मामा. शुभेच्छुक, मामाचे मित्र, गॅस एजन्सी. गॅस एजन्सीला ते हसले. अगदी थोडंसं. मग त्यांनी विचारलं,

"आणि बसबद्दल कुठं लिहिलंय?"

"कुठली बस?"

 मग त्यांनी सावकाश सांगितलं. त्यांच्या रस्त्याच्या टोकाला म्हाताऱ्या माणसांच्या इमारती आहेत. तिथून दवाखान्याला जाणारी एकच बस होती. नोकरीची शेवटची अकरा वर्षं ते स्वतः ती चालवत होते. बरोनं ती बंद केली. लेकीच्या दुकानात औषधं न्यायला येणारी म्हातारी माणसं दिसेनाशी झाली, तेव्हा तिनं दुकान बंद झाल्यावर घरोघरी औषधं पोचवायला सुरुवात केली. दीड वर्ष पोचवतेय. मग त्यांनीच तिला म्हटलं, तू उभी राहा आणि बस परत आण.

गच्चीवर ऊन मी म्हणत होतं आणि माझे पाय भाजत होते, तरी मी हललो नाही. "नाही सर," मी म्हटलं, "बसबद्दल काही लिहिलेलं नाही. मलाच ठाऊक नव्हतं."

"तुम्ही तिचे वडील ना?"

"हो."

मला इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. शाई विचारली, मशीन विचारलं, पेन्सिलीवरून वाद घातला, आणि पोरगी कशासाठी उभी राहिली एवढं एक विचारायचं राहून गेलं. आजोबांनी फोन जावयाकडं दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पत्रकांचा गठ्ठा मागायला आले, असं लेकीनं कळवलं. तिनं मला आणखी काही लिहिलं नाही.

मोजणी शुक्रवारी होती. तिथले सकाळचे दहा म्हणजे इथले दुपारचे अडीच. दोन वाजल्यापासून मेहुणा, बायको आणि मी एका फोनभोवती बसलो. जावई मोजणीच्या हॉलातून निरोप धाडत होता. पुढं आहे. मागं आहे. पुन्हा पुढं. मेहुणा पंख्याखाली घामानं निथळत होता. मी प्रत्येक आकडा कॅलेंडरच्या मागं लिहून वजाबाकी करत होतो आणि माझी वजाबाकी चुकत होती. बत्तीस वर्षं ती शिकवली मी!

साडेपाचला निरोप आला: "बरोबरी."

फेरमोजणी झाली. पुन्हा बरोबरी. मग बराच वेळ काहीच नाही. एक मत, माझ्या डोक्यात एवढंच घुमत होतं. पत्रकं पडून राहिली त्या दिवसांतलं एक मत. गॅस एजन्सीसकट तो बॅनर मला वडामाखाली दिसत होता.

मग जावयाचा फोनच आला. "आता चिठ्ठी काढणार. कायदाच तसा आहे. दोन कागद घडी करून पेटीत टाकलेत."

बायकोनं माझ्याकडं जे बघितलं ते मी जन्मभर विसरणार नाही. "पाहा," ती म्हणाली, "पुड्याच की या! इंग्लंडातसुद्धा!" आणि देवापुढं जाऊन उभी राहिली.

मी गणिताचा मास्तर. दोनातून एक, शक्यता निम्मी. मी हात जोडले.

फोनमधून हॉल शांत झालेला ऐकू आला. कागद उलगडल्याचा आवाज. मग अधिकाऱ्यानं नाव वाचलं. आमचं आडनाव त्यानं तीन तुकडे करून वाचलं, पण ते आमचंच होतं. तिकडं कुणीतरी काठी जमिनीवर दणादण आपटत होतं. इकडं मेहुणा अक्षरशः उडी मारून दिवाणावर चढला. बायको रडत रडत रवा भाजायला धावली, केसरी, म्हणजे इकडचा शिरा, करायचा म्हणून.  मेहुणा दिवाणावरूनच फ्लेक्सवाल्याचा नंबर लावत होता. मी त्याच्या हातातून फोन हिसकावून घेतला आणि वर त्यालाच दटावलं.

अर्ध्या तासानं लेकीचा फोन आला. मागं गोंगाट होता, ती धापा टाकत होती, हसत होती. "अप्पा! ऐकलांत का? चिठ्ठीनं! अप्पा, चिठ्ठीनं आले मी!"

मला खूप विचारायचं होतं. पेटी कसली होती, चिठ्ठी कोणी काढली, सही कोणाकोणाची घेतली. तोंडावर आलेलं सगळं गिळून मी विचारलं,

"बस कधी येणार?"

तिचं हसणं थांबलं.  मग तिचा आवाज आला, लहानपणी ताप आला की यायचा तसा.

"ठाऊक नाही, अप्पा. एकटीनं होणारं नाही ते. कौन्सिलात बाकीच्या सगळ्यांना पटवायला लागेल." आणि मग म्हणाली, "थांबा, बाहेर जाते. तुम्हाला पहिल्यापासून सांगते."

मी कॅलेंडर पालथं केलं आणि पेन्सिल शोधली.