डावीकडून तिसरी

“माझं नाव या बायांच्या खाली?”

शिक्षणसंस्थेचे अध्यक्षसाहेब एवढेच म्हणाले. सभा हसली.

भिंतीवरच्या पडद्यावर आमच्या शाळेच्या स्मरणिकेचे एक पान उघडे होते. त्यावर मातीच्या टोपल्या डोक्यावर घेतलेल्या नऊ स्त्रियांचे जुने छायाचित्र होते. आणि बरोबर त्याखाली, ठळक अक्षरांत : ध्वजारोहण करताना शिक्षणप्रेमी, दानशूर, सन्माननीय अध्यक्षसाहेब.

माऊस माझ्या हातात होता. 

“मिठागरात भरती झाली वाटतं माझी,” साहेब म्हणाले. “उद्या टोपलीही द्याल डोक्यावर!”

पुन्हा हशा. चिटणीस हसले नाहीत. ते म्हणाले, “बाई, एम. ए. ना तुम्ही? आमच्या ऑफिसातल्या शिपायालासुद्धा वर्ड येतं.”

“चुकले,” मी म्हणाले. मग पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदाही म्हणाले.

मी या शाळेची ग्रंथपाल. संगणकाला हात लावला तो वयाच्या बावन्नाव्या वर्षी. स्मरणिकेची पाने लावण्याचे काम माझ्याकडे आले, कारण माझे शुद्धलेखन चांगले आहे आणि मला नाही म्हणता येत नाही. छायाचित्रे मी पानावर आपापल्या जागी खिळवून ठेवली होती. त्यांच्या खालच्या ओळी मात्र साध्या मजकुरासारख्या टाइप केल्या होत्या. एंटर दाबत खाली आणलेल्या, स्पेस देत मध्यावर ढकललेल्या. वहीत जागा सोडून लिहावे, तशा. एकदा ठेवलेली ओळ ठेवल्या जागी राहते, असे मला वाटत होते. ती राहत नाही. वरचा मजकूर वाढला की खालचा सरकतो, आणि खिळवलेली चित्रे मात्र जागची हलत नाहीत. त्याच सकाळी चिटणीसांचा निरोप आला होता : साहेबांच्या प्रत्येक फोटोखाली ‘शिक्षणप्रेमी’ आणि ‘दानशूर’ घाला. साहेब सात फोटोंत होते. मी घातले. त्या वाढलेल्या ओळींनीच साहेबांचे नाव पुढच्या पानावर ढकलले होते.

हे मला त्या वेळी कळले नव्हते. कळले असते तरी मी सांगितले नसते.

मग साहेबांनी विचारले, “पण या आहेत तरी कोण?”

“माहीत नाही, साहेब.”

डावीकडून तिसरी माझी आई होती.

आज शाळा उभी आहे ती जमीन पूर्वी खाडीची होती. भरतीचे पाणी आत यायचे. मिठागरातले काम उरकून आमच्या गावच्या बाया भर दुपारी इथे भराव टाकायला यायच्या. ज्या सभागृहात मी ‘माहीत नाही’ म्हणाले, त्याच्या फरशीखाली त्यांची माती आहे. त्या मातीवर मी शिकले, आणि तिच्यावर उभी राहून आईला ओळखण्याचे नाकारले. कोणी धमकावले नव्हते. फक्त हसले होते.

समूहछायाचित्राची एक रीत आमच्याकडे ठरलेली आहे. खुर्चीवर बसलेल्यांची नावे पदव्यांसह. मागे उभे असलेल्यांची नुसती आडनावे. खाली जमिनीवर बसलेले ‘इतर’. या स्त्रियांसाठी मला लिहून दिलेली ओळ होती : भराव टाकताना कामगार महिला. मी ती निमूटपणे टाइप केली होती. एकाही शब्दात चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी पानाची छापील प्रत घेऊन आईकडे गेले. तिला आता कमी दिसते. तिने कागद नाकाशी धरला आणि एकेकीवर बोट ठेवत गेली.

“ही धर्मी. पाय मिठानं फाटलेलं, तरी सगल्यांच्या पुढं. ही जानकी. ही मी. माजी टोपली बघ कशी कलंडली. ही बारकी...” शेवटच्या बाईवर बोट थांबले. “हिचं नाव नाय आठवत गो. कामन गावची होती. आता विचारू तरी कोनाला? सगल्या गेल्या.”

“तिच्यासाठी काय लिहू?”

“कामनची, असंच लिव. पन लिव.”

त्या आठवड्यात मी नीट शिकून घेतले. एकाच घराचा, म्हणजे एकाच चौकोनाचा, तक्ता घालायचा. चित्र त्या घरात, ओळही त्याच घरात. चित्र खिळवायचे नाही, अक्षरासारखे मजकुरातच बसवायचे. घर दोन पानांत तुटणार नाही अशी खूण करायची, रेघा लपवायच्या. आता वर कितीही विशेषणे वाढोत. चित्र सरकलेच, तर नावेही सोबत सरकतील. सगळी छायाचित्रे मी पुन्हा बसवली. त्या छायाचित्राखाली डावीकडून आठ नावे लिहिली आणि नववी : कामणची एक.

चिटणीसांनी पान पाहिले. “बाई, हे कशाला? ‘कामगार महिला’ पुरे आहे. कोण ओळखतंय यांना?”

“मी ओळखते.”

“सभेत तर माहीत नाही म्हणालात.”

“खोटं बोलले. तिसरी माझी आई आहे.”

 ते मऊ आवाजात म्हणाले, “अहो, मग आधी नाही का सांगायचं? आईंचं नाव ठेवू. बाकीच्या काढा.”

एवढे सोपे होते. आईचे नाव छापले गेले असते. तिला वाचून दाखवता आले असते. माझे ओठ ‘बरं’ म्हणायला उघडलेही होते.

“नाही,” मी म्हणाले.  “सगळ्यांची ठेवा.”

“मग सरका.”

फाइल कार्यालयाच्या संगणकावर होती. ते माझ्या खुर्चीवर बसले आणि माझ्यासमोर त्यांनी नऊच्या नऊ जणी पुसल्या. धर्मी, जानकी, आई. कामणचीसुद्धा. एक कळ दाबून धरावी लागते, बस. मी बाजूला उभी होते. काहीही करू शकले नाही.

पुस्तक छापून आले. भराव टाकताना कामगार महिला. ओळ अगदी मध्यावर बसली आहे.

“आली काय गो नावं?” आईने विचारले. मी नाही म्हणाले. तिने भिंतीकडे तोंड केले.

छापलेल्या प्रती माझ्याच्याने बदलवणार नाहीत. त्या घरोघर जातील आणि तशाच राहतील. पण ग्रंथालयाच्या प्रती शिक्का मारण्यासाठी आज माझ्या टेबलावर आल्या आहेत. पुस्तकांच्या दाखलनोंदीची काळी शाई माझ्या ताब्यात आहे. शिक्का मारण्याआधी प्रत्येक प्रतीत, त्या पानावर, मी नावे लिहिणार आहे. मागच्या दाराने नाही. खाली माझी सही असेल. नोकरीवर बेतले तर बेतू दे.

आणि अध्यक्षांनी पुन्हा विचारावे, या आहेत तरी कोण. भर सभेत विचारावे. मी डावीकडून सुरुवात करीन.