लग्नपत्रिकांच्या पाठीवर

वहिनी एसटीला हात करावा तसा डावा हात वर करायच्या, उजव्या हातातला फोन डोळ्यांसमोर धरायच्या आणि म्हणायच्या, "हलायचं न्हाई. श्वास घेतला तरी चालंल." समोर कुणीही असो. नवरा, मुलगी, दारात आलेला पोस्टमन, गोठ्यातली म्हैस. म्हैस सोडून सगळे ऐकायचे.

घोडेगावात माझं फोटो आणि झेरॉक्सचं दुकान आहे. या वहिनी आमच्या मागच्याच आळीत राहायच्या. माहेर डिंभ्याकडचं. नवरा पिकअप चालवायचा, शेतकऱ्यांचे टोमॅटो नारायणगावच्या बाजारात पोचवायचा. मुलगी एकच, पहिलीत जाणारी. अशा वहिनी तुमच्याही आळीत असतील, फोन हातातून न सुटणाऱ्या. मला या मंडळींचा मुळातच राग. एक तर त्यांनी माझा धंदा बुडवला, आणि वर इतके फोटो काढून एकही कधी कागदावर उतरवून घेत नाहीत. वहिनी मात्र एक दिवस दुकानात आल्या आणि फोन माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "भाऊ, हे छापून द्या. पोरीसाठी पुस्तक करायचंय."

"तयार अल्बम आहे की माझ्याकडे. पाकिटात सरकवले की झालं."

"तयार नको. मी घरी करनार हाये."

मग त्यांनी आळीतल्या घरोघरी जाऊन जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या. आमच्याकडे लग्नसराईत पत्रिकांचा ढीग पडतो, आणि देवाचं नाव छापलेलं असतं म्हणून कुणी फेकत नाही. खिळ्याला अडकवून ठेवतात. वहिनींनी त्यातल्या जाडजूड, सोनेरी कडेच्या निवडल्या. कोऱ्या पाठीवर फोटो, कडेला जुन्या लुगड्याच्या काठाची पट्टी, आणि भोकं पाडून सुतळीनं बांधणी. पान उलटलं की मागे कुणाचं तरी 'आमचे येथे श्रीकृपेकरून' वाचायला मिळायचं. गावातल्या निम्म्या लग्नांची आमंत्रणं त्या पुस्तकात होती.

पहिली पानं मात्र पार वाया गेली. वहिनींनी चुलीवर कणकेची खळ शिजवली आणि गरमागरम खळीनं फोटो चिकटवले. माझ्या प्रिंटरची शाई पाण्याची. दुसऱ्या दिवशी त्या पान घेऊन दुकानात आल्या आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "भाऊ, आमचं मालक म्हशीत मिसळलं." खरंच, नवऱ्याचा निळा सदरा म्हशीच्या पाठीवर उतरला होता. आम्ही दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मी नव्यानं प्रिंट काढून दिले आणि चिकटवायला कांडीचा सुका डिंक दिला.

तोवर त्यांच्या पुण्याच्या खेपा सुरू झालेल्या होत्या. दुखणं पोटाचं होतं. कुठलं, ते सगळ्या आळीला ठाऊक होतं आणि नाव कुणीच घेत नव्हतं. केस गेले तसा त्या डोक्याला रुमाल बांधायला लागल्या. पुण्याहून आल्या की दुसऱ्या दिवशी पडून राहायच्या आणि तिसऱ्या दिवशी माझ्या दुकानात. एकदा मी म्हणालो, "वहिनी, जरा बरं वाटू द्या, मग करा पुस्तक."

त्या म्हणाल्या, "पोरगी लई ल्हान हाये, भाऊ. आत्ताचं काय बी तिच्या ध्यानात राहायचं न्हाई. मी नसंन तवा तिला कळाय पायजे, आपलं घर कसं व्हतं."

मी उगाच प्रिंटरचं झाकण उघडून आत बघितलं.

पुस्तक जवळजवळ पुरं होत आलं तेव्हा त्या ते दाखवायला घेऊन आल्या. ओट्यावर ऊस खाणारा नवरा. पाटीवर अक्षर गिरवणारी मुलगी. पिकअपमध्ये टोमॅटोच्या क्रेटवर चढून बसलेली मुलगी. चुलीशी, गोठ्यात, नदीवर. पानं उलटता उलटता माझ्या लक्षात आलं. म्हटलं, "वहिनी, यात तुम्ही कुठं आहात?"

"मी कशी असंन? मंग फोटो कोन काढनार?" असं म्हणून त्या हसल्या. पण लगेच पुस्तक स्वतःकडे ओढून पहिल्या पानापासून पुन्हा बघायला लागल्या. शेवटपर्यंत बघितलं. मग फोन उघडला आणि त्यातही शोधलं. त्या बघत होत्या तोवर दुकानात दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, वहिनींना पत्ताही नव्हता.

"या स्टुलावर बसा. आत्ता काढतो," मी म्हणालो.

"आत्ता न्हाई. केस येऊ द्या. पोरीनं मला अशी बघायची व्हय?"

दुसऱ्या दिवशी नवरा दोघींना आणि लग्नाचा अल्बम घेऊन दुकानात आला, त्यातला एखादा लावू म्हणून. मुलीनं त्यातली मुंडावळ्या बांधलेली, तोंडाला पावडर थापलेली ती बाई नीट निरखली आणि निकाल दिला, "ही आई न्हाई. ही नवरी हाये." त्यावर वहिनीच इतक्या हसल्या की पोट धरून खाली बसल्या. मग त्यांना लवकर उठवेना. अल्बम तसाच परत गेला.

केस आले नाहीत. टोमॅटोचा हंगाम सरत आला तेव्हा त्या गेल्या.

दशक्रियेच्या फ्लेक्ससाठी नवरा माझ्याकडे आला. फोन फोटोंनी गच्च भरलेला आणि त्यात बायको नाही. लग्नाच्या अल्बमाचं मी विचारलं तर म्हणाला, "ती नवरी हाये." शेवटी त्यानं खिशातून तिचं आधार कार्ड काढून दिलं. या धंद्यात गेलेल्या माणसांचे कितीतरी फोटो मी मोठे केलेत. हा तीनदा मोठा केला आणि तीनदा पुसला. आधार कार्डावर कुणीच स्वतःसारखं दिसत नाही, आणि त्या तर मुळीच दिसत नव्हत्या. मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

दशक्रिया उरकून आम्ही सगळे त्यांच्या घरी आलो. जेवणाची पानं मांडायची होती. ओसरीवर बायकांच्या हातात ते पुस्तक पडलं, आणि एकेक पान उलटत त्या रडायला लागल्या. "समदी हायेत बघा यात, नेमकी तीच न्हाई."

मुलगी खांबाशी उभी राहून ऐकत होती. ती पुढे आली आणि तिनं पुस्तक त्यांच्या हातातून काढून घेतलं. पाटीचं पान उघडून ती घरात गेली, फोटोत ती स्वतः बसली होती त्या कोपऱ्याकडे तोंड करून फडताळाला टेकली आणि म्हणाली, "आई हितं व्हती." मग गोठ्याचं पान काढलं. गोठ्याच्या उंबऱ्यावर उभी राहिली, पुस्तकात बघितलं, थोडी मागे सरली. "हितं." बायका रडायच्या थांबल्या होत्या. एक म्हातारी पुढे होऊन तिला जवळ घ्यायला गेली, तर तिनं हात झटकला. तिचं अजून व्हायचं होतं.

मग तिनं उसाचं पान काढलं, ओट्यासमोर अंगणात धुण्याच्या दगडापाशी गेली आणि बापाला म्हणाली, "पप्पा, तुमी तिथं बसा ना." मुंडण केलेला तो भला दांडगा माणूस मुकाट्यानं ओट्यावर जाऊन बसला. तिनं फोटो बघितला, बापाला बघितलं, त्याला थोडं डावीकडे सरकायला लावलं. स्वतः एक पाऊल बाजूला झाली. फोटोत होता तसाच तो आता समोर होता, फक्त तोंडावर हसू नव्हतं.

"आई हितं उभी व्हती," ती म्हणाली, आणि पुस्तक छातीशी धरून तिथंच उभी राहिली.

आतून जेवायला हाका आल्या. मंडळी एकेक करून उठली. बापही उठला, तिच्याजवळ गेला, तिचा हात धरला. पण ती त्या जागेवरून निघेना.