खून पुल्लिंगी असतो

माझ्या लाल पेनाची मला फार घमेंड होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी माझी कीव करायला नको.

कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी वीसेक वर्षं आहे. पापडीला एका जुन्या घराच्या माडीवर आमचं ऑफिस. एखादं अल्पवयीन मूल चोरीमारीत पकडलं गेलं की बाल न्याय मंडळ कधीकधी आमच्याकडून अहवाल मागवतं. घर कसं आहे, शाळा कुठवर झाली, आईबाप काय करतात, मूल स्वतः काय म्हणतं. त्यावरून ठरतं की मूल घरी जाणार की निरीक्षणगृहात राहणार. नव्या कार्यकर्त्यांनी मुलांना भेटून लिहायचं आणि मी तपासायचं, अशी आमची पद्धत. नव्या लोकांचं प्रशिक्षणही माझ्याच गळ्यात. 'अहवालाची भाषा शुद्ध व औपचारिक असावी' ही प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतली पहिली सूचना माझीच, आणि ती मी नव्या पोरांच्या अक्षरशः मानगुटीवर बसून पाळायला लावायची.

शुद्ध भाषेचं हे खूळ माझ्या डोक्यात कुठून आलं, तेही सांगते. आम्ही भातशेतीवाले. घरात आई पानी म्हणायची, लोनी म्हणायची, कोन आलाय म्हणायची. मीही तेच. शाळेत पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला उभं करून 'पाणी' दहादा म्हणायला लावलं आणि वर्ग खिदळला. त्या दिवशी मी ठरवलं, पुन्हा कुणाला हसू द्यायचं नाही. आणि नाही दिलं! विरारला फ्लॅटात सून म्हणून आले तेव्हा सासरच्या घाटावरच्या माणसांना पत्ताही लागला नाही मी कुठल्या बोलीतली ते.

ही गोष्ट घडली त्या दिवशी पाच वाजायच्या आत सात अहवाल जायचे होते. साताऱ्याकडून आलेली, कंत्राटावर लागून जेमतेम तीन महिने झालेली आमची एक मुलगी तिचं टिपण घेऊन आली. प्रकरण होतं सोळा वर्षांच्या एका पोरीचं. मिठागरांच्या बाजूच्या गावातली. दहावीची परीक्षा देऊन सुट्टीत सातिवलीला एका गाळ्यात पितळी कड्या खोक्यांत भरायला जात होती. काही खोकी चोरीला गेली, मालकानं तक्रार केली आणि तिथल्या सुपरवायझरनं बोट दाखवलं हिच्याकडे.

'मुलीचे म्हणणे' या रकान्यात लिहिलं होतं, "शेठनी सांगितलं म्हनून मी खून केली. आदी पन केली होती."

मी पेन उघडलं. 'म्हनून'चं 'म्हणून' केलं. 'आदी'चं 'आधी'. 'पन'चं 'पण'. मग 'केली' खोडून दोन्हीकडे 'केला' केलं, 'होती'चं 'होता' केलं.

"ताई, पण ती केलीच म्हणाली," साताऱ्याची पोरगी हळूच म्हणाली.

"अगं बाई, खून पुल्लिंगी असतो. तो खून. केला."

"मला नीट कळलं नाही, म्हणून जसं ऐकलं तसंच लिहिलं."

"कळलं नाही म्हणून व्याकरण सोडायचं? मंडळासमोर जाणार आहे हे. अब्रू जाईल आपली."

तिनं कागद टायपिंगला नेला. अहवाल टाईप झाला, मी सही ठोकली. आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही वाचलंत तरी काय? काहीच वाचलं नाही. खून हा शब्द माझ्या डोळ्यांखालून गेला आणि मला दिसलं काय, तर लिंग चुकलंय. यापेक्षा मोठी अक्कल कुठे मिळेल?

दुसऱ्या दिवशी मंडळात मॅजिस्ट्रेट मॅडमनी अहवाल चाळला आणि त्या थांबल्या. चोरीचं साधं प्रकरण, आई दारात उभी, पोरगी त्याच दुपारी आईबरोबर घरी जायची. मॅडमनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं. "शेठनी सांगितलं म्हणून मी खून केला. आधी पण केला होता." मग मऊ आवाजात तिला विचारलं, "बाळ, असं तू सांगितलंस का?"

पोरीनं मान हलवली. हो म्हणून! आणि रडायला लागली.

मॅडमनी तिथे तिला पुढे काही विचारलं नाही. मूल घाबरलंय, सविस्तर अहवाल द्या, तोवर तिला निरीक्षणगृहात ठेवा, पोलिसांनीही चौकशी करावी, असं सांगितलं. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. पण आम्हा संस्थेच्या लोकांना काय झालं होतं? प्रेत नाही, तक्रार नाही, गावात कुणी बेपत्ता नाही आणि सोळा वर्षांची पोर म्हणे दोन-दोन खून करून दहावीची परीक्षा देतेय. आमच्या ऑफिसात त्यावर चहा घेत चर्चा झाली, "दिसते किती साधी!" म्हणून हळहळ झाली. पण एकानंही विचारलं नाही की कुणाचा? मीही नाही. तिची आई मात्र जिन्यात माझा हात धरून म्हणाली, "बाय, माझी पोर मुंगी पन मारीत नाय." मी तिला आमचं ठरलेलं उत्तर दिलं, की कायदा आपलं काम करील. आज ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

सविस्तर अहवाल मीच करायचा ठरलं. निरीक्षणगृहात गेले तेव्हा पोरगी बाकाच्या टोकाला बसली होती. दोन आठवड्यांत चेहरा पार सुकला होता. चौकशीला पोलीस अजून फिरकले नव्हते. घरचं विचारलं, शाळेचं विचारलं, सगळी उत्तरं एका शब्दात. मग तिनं तिथल्या बाईंना म्हटलं, "पानी द्या ना."

"पाणी म्हण," बाई हसत म्हणाल्या.

मी खुर्चीत ताठ बसले. माझ्या कानात शाळेचा तो वर्ग खिदळला आणि त्याच्या मागोमाग सगळं वाक्य उलगडत गेलं. म्हनून म्हणजे म्हणून. पन म्हणजे पण. मग खून म्हणजे? अरे देवा!

"बाय, तू कशावर खून केलीस?" मी विचारलं. किती वर्षांनी तो 'न' माझ्या तोंडातून निघाला कोण जाणे.

"खोक्यांवर," ती म्हणाली, आणि ओल्या बोटानं टेबलावर फुली काढून दाखवली.

तिनं खूण केली होती. खूण! तिचा शेठ म्हणजे मालक नव्हे, तो सुपरवायझर. तो सांगायचा, या खोक्यांतला माल खराब आहे, यांच्यावर फुली मार. ती मारायची. फुलीची खोकी तो बाजूला काढायचा. आधीही दोनदा तसंच झालं होतं. गायब झाली ती नेमकी तीच खोकी. म्हणजे ते वाक्य तिची कबुली नव्हतंच. ती चोर नाही हे सांगणारं तेच एक वाक्य होतं तिच्याजवळ, आणि मी त्याचा पार विचका केला. प्रत्येक 'न'चा 'ण' करत सुटले होते मी त्या कागदावर. जिथे करायला हवा होता तेवढा एक सोडून! आणि त्या 'केली'नं तर मला ओरडून सांगितलं होतं की बाई, हा शब्द स्त्रीलिंगी आहे, हा तुझा खून नव्हे. मी तिचंच तोंड बंद केलं.

ऑफिसात येऊन आमच्या सरांना सगळं सांगितलं. सर म्हणजे संस्थेचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण संस्थेच्या नावाला धक्का लागतो म्हटलं की त्यांना घाम फुटतो.

"टायपिंग मिस्टेक म्हणा," ते म्हणाले. "आणि ते हाताचं टिपण फाडून टाका. फारच विचारलं तर नव्या मुलीचं नाव सांगू. कंत्राटीच आहे ती."

"सर, तिनं बरोबर लिहिलं होतं. माती मी खाल्लीय."

"तुम्ही वीस वर्षं इथे आहात. तुम्हीच अशी कबुली दिलीत तर आपल्या प्रशिक्षणाला कोण विचारील?"

"न विचारो! ती पोर आत बसलीय सर, आणि तुम्हाला प्रशिक्षणाचं पडलंय?"

टिपण मी पिशवीत घातलं आणि निघाले. जाताना सरांनी दोनदा हाक मारली. मी वळले नाही. इतकी वर्षं त्यांच्या समोर आवाज चढवला नव्हता. पण मागे फिरायचं मनात आलं नाही.

मंडळाच्या पुढच्या तारखेला मी उभी राहिले. "मॅडम, या अहवालात एक धादांत खोटं वाक्य आहे आणि ते मी लिहिलंय." टिपणाचा कागद पुढे ठेवला. निळ्या शाईत साताऱ्याच्या पोरीचं प्रामाणिक अक्षर, त्यावर माझ्या लाल रेघोट्या. मॅडमनी चष्मा काढला, पुन्हा घातला, कागद दोनदा वाचला. मग पोरीला विचारलं, "कशावर केलीस?"

"खोक्यांवर. खडूनी."

मॅडमनी तो कागद फाइलला लावून घेतला. सुपरवायझरची चौकशी करायला सांगून त्यांनी पोरीला आईच्या ताब्यात दिलं.

बाहेर व्हरांड्यात मी माफी मागायला गेले. कामातली माफी नाही, खरीखुरी. आईला म्हटलं, "चुकी माझी हाय. मी पन इथलीच, आमच्यात पन पानीच म्हनतात." आई रिक्षाला हात करू लागली. पोरीनं मात्र मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"तुमी पन पानीच म्हनता?"

"हो."

"मंग तुमाला तरी कळाया नको होतं?"

ती भांडत नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं. तेवढ्यात रिक्षा थांबली आणि त्या दोघी बसून निघून गेल्या.

पुढच्या महिन्यात नव्या तुकडीचं प्रशिक्षण होतं. सरांनी निरोप पाठवला की ते उदाहरण घेऊ नका, बाहेरून पाहुणे यायचेत. मी उलट निरोप पाठवला की मग दुसरी बाई शोधा. दुसरी बाई त्यांना काही मिळाली नाही. पुस्तिकेतली माझी ती पहिली सूचना मी सगळ्या प्रतींमध्ये स्वतःच्या हातानं खोडली आणि तिथे लिहिलं, 'मूल बोललं तसंच लिहायचं. कळलं नाही तर मुलालाच विचारायचं.' साताऱ्याच्या पोरीला पहिल्या रांगेत बसवलं. मग फळ्यावर ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि खडू टेबलावर ठेवून बाजूला झाले.

मिनिटही गेलं नसेल, मागून एक तरुण उठला. चांगला शिकलेला, चुणचुणीत. "मॅडम, 'केली' चुकलंय. 'केला' पाहिजे." तो पुढे येऊन खडूही उचलणार होता. साताऱ्याची पोर ओढणीत तोंड लपवून हसायला लागली. मला हसू आलं नाही. त्याच्या जागी मला मी दिसत होते.

"खाली बस," म्हटलं, आणि सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली. काही वगळलं नाही. पाहुणे घड्याळ बघायला लागले, सर छताकडे बघायला लागले. बघू दे! संपलं तेव्हा त्याच तरुणानं हळू आवाजात विचारलं, "मग त्या मुलीला किती दिवस आत राहावं लागलं?"

"अठरा दिवस," मी म्हटलं. "आई बाहेर असताना, काही केलेलं नसताना, अठरा दिवस. माझ्या लाल पेनामुळे. लिहून घ्या सगळ्यांनी. आणि मी बोलले तसंच लिहा. एक अक्षर सुधारलंत तर माझ्याशी गाठ आहे."