हिंगाच्या डबीतला रुपया

उदगीरच्या तुळजाबाई चार बुकंच शिकलेल्या, पण चांदी कशी उजळते आणि कशी काळवंडते हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. चिंचेच्या कोळात घातली की लख्ख, लसणाच्या टोपलीजवळ राहिली की काळी. घरोघरच्या बायकांना असतं तेवढंच हे ज्ञान. पण त्यानंच त्यांच्यावर पदरात तोंड लपवायची वेळ आणली.

नवरा हणमंतराव. एसटीच्या डेपोत मेस्त्री होते. रिटायर झाले तसा हातातला पाना सुटला आणि भिंग आलं. सरकारनं कुठल्या ना कुठल्या मोठ्या प्रसंगाची आठवण म्हणून काढलेली चांदीची जुनी नाणी जमवायचा नाद लागला. नाणं कडेनं दोन बोटांत धरायचं, खिडकीच्या उजेडात कलतं करायचं आणि वर्षानुवर्षं चांदीवर चढत गेलेला रंग न्याहाळायचा. आपोआप चढला असंल तर तो अंगचा रंग, त्याला मान. कुणी धुतलं, घासलं, औषध लावून रंगवलं की नाणं बाद. नात साक्षी हिला सांगायचे, "सापाला हात लाव, पण माझ्या रुपयाला लावू नको."

तीन वर्षांमागं त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर भिंग बंद. नेमक्या त्याच महिन्यात घरी महालक्ष्म्या बसल्या. तुळजाबाईंनी सगळी चांदी-पितळ घासून काढली आणि कपाटातला एक रुपया डोळ्यांपुढं आला. बहात्तर सालचा, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचा; मोल दहाचं, पण घरात नाव रुपयाच. एक बाई न एक बाप्या झेंडा धरून उभे, आणि दोघंही करपल्या भाकरीसारखे. एवढा मोठा चांदीचा रुपया लक्ष्म्यांपुढं ठेवायचा आणि असल्या तोंडानं? त्यांनी तो कोळात बुडवला. निघाला तो असा पांढराशुभ्र, की भिंगाशिवायबी धुतलेला कळावा.

आता परत काळा कसा करावा? मागं एकदा हिंगाच्या डबीत चांदीचा चमचा राहून गेला होता, त्याची गत आठवली. लक्ष्म्या उठल्या तसा रुपया डबीत गेला. पंधरा दिवसांनी काढला तर काळा न्हाईच. कडेला निळा, मग जांभळा, मधे सोनेरी. मोराच्या पिसागत.

नवा चष्मा लागला आणि हणमंतरावांनी पहिला तोच रुपया उचलला.

"तुळजे, अगं बघ तरी! डोळ्यावर पडदा होता म्हणून एवढा रंग मला कधी दिसलाच न्हाई."

"दिसंल की आता."

"पण वास कसला येऊन राहिला?"

"डोळ्यात घालायच्या औषधाचा असंल."

पदर तोंडाला लावून त्या चुलीकडं पळाल्या. हसू आवरत नव्हतं. तेव्हाच खरं बोलल्या असत्या तर चार शिव्यांवर भागलं असतं.

पुढं तो रुपया लातूर-नांदेडपर्यंत गाजला. प्रदर्शन भरलं की लोक म्हणायचे, हणमंतकाकांच्या रुपयाला लावून बघा, खरं-खोटं लगेच कळतंय. तुळजाबाईंना आधी मजा वाटायची, मग नुसती धाकधूक. पण नवऱ्याचा मान वाढताना कोण बाई मधे बोलंल?

या वर्षी लातुरात एका मंगल कार्यालयात प्रदर्शन होतं. तुळजाबाई डबा घेऊन बाकावर बसल्या होत्या. देगलूरहून एक बाई आली, बुद्धप्रिया, अंगणवाडीत काम करणारी, चाळिशीची. पर्समधून जुना खाकी लिफाफा काढला. त्यात तसलाच बहात्तर सालचा रुपया, फिकट पिवळसर, कडेला जरा तांबूस. सोबत तिनं सुंदर अक्षरात लिहिलेलं कार्ड होतं : कै. केरबा, पोस्टमन, देगलूर, यांनी जपलेला रुपया.

"विकायचा न्हाई, काका. बाबांच्या नावानं दोन दिवस काचेत ठेवा, एवढंच. बहात्तरच्या दुष्काळात घरच्यांनी मिलोची लाल ज्वारी खाल्ली, पण हा मोडू दिला न्हाई त्यांनी."

हणमंतरावांनी तो आपल्या रुपयाशेजारी धरला. भोवती माणसं जमली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अंगचा रंग हा असतो, माझ्या रुपयावरचा. हे तुमचं चहाच्या पाण्यात बुडवलेलं दिसून राहिलं. असलं खोटं आम्ही काचेत ठेवत न्हाई."

"बाबांनी पन्नास वर्षं या लिफाफ्यातून काढला न्हाई त्याला."

"मग त्यांच्यामागं कुणी उद्योग केला असंल," गर्दीतला एक जण म्हणाला. दोघं-चौघं हसले.

बुद्धप्रियानं रुपया लिफाफ्यात घातला. कार्ड टेबलावरच राहिलं. ती येऊन बसली ती नेमकी तुळजाबाईंच्या शेजारी. पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच परत बंद केली.

"मावशी, मी रोज लेकरांना सांगते, खोटं बोलू नका म्हणून. आणि इथं..."

तुळजाबाईंच्या मांडीवर वरणाचा डबा होता. झाकणातून हिंगाचा वास येत होता. उठावं, दहा पावलं चालावं, टेबलावर हात ठेवावा आणि बोलावं. एवढंच होतं. पण समोर हणमंतराव माणसांच्या घोळक्यात मान ताठ करून उभे. तुळजाबाई म्हणाल्या, "वरण-पोळी खातीस का, बाई?"

"नको," म्हणून ती देगलूरच्या गाडीला निघून गेली.

त्या दिवसापासून तुळजाबाईंनी फोडणीत हिंग घातला न्हाई. आठ दिवस तसे काढले, मग गेल्या धनतेरसला घेतलेला चांदीचा लक्ष्मीचा शिक्का चिंचेनं धुतला आणि डबीत टाकला. पंधरा दिवसांनी चहाच्या बशीत, लक्ष्मी खालच्या अंगाला करून, नवऱ्यापुढं ठेवला.

हणमंतरावांनी भिंग लावलं. "अरे वा! अंगचा रंग! पस्तीस-चाळीस वर्षं तरी झाली असतील याला. कुणाचा?"

"माझा. पंधरा दिवसांचा हाय. हिंगाच्या डबीतला." मग एका दमात म्हणाल्या, "तुमचा रुपयाबी तिथलाच."

हणमंतरावांनी शिक्का उलटून बघितला, हुंगला, खाली ठेवला.

"तीन वर्षं मला येडं करून ठेवलीस."

"तुम्हाला मी केलं. त्या लेकीला तुम्ही खोटं केलं, आणि मी बघत बसले."

हणमंतरावांनी कपाटातल्या वहीतून ते कार्ड काढलं. लातूरहून येताना खिशात घालून आणलं होतं. का आणलं ते त्यांनाबी सांगता येईना.

प्रदर्शनवाल्यांकडून नंबर घेऊन तुळजाबाईंनी फोन लावला. रडत-अडखळत सगळं सांगितलं. बुद्धप्रियानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, खोटं तर भरल्या हॉलात म्हणलात. खरं फोनवर सांगून राहिलात?"

पुढचं प्रदर्शन नांदेडला होतं, बुद्धप्रियाला तसं कळवलं. हणमंतरावांनी आपल्या रुपयापुढं चिठ्ठी ठेवली : धुतलेला, हिंगानं रंगवलेला. बोलायला मात्र त्यांची जीभ उचलंना. मग तुळजाबाईच हिंगाची डबी घेऊन टेबलामागं उभ्या राहिल्या. येईल त्याला चिंच, हिंग, मोतीबिंदू, डोळ्यातलं औषध असं सगळं सांगायच्या. लोक पोट धरून हसायचे. दुपारपर्यंत त्यांना सांगायला रंग चढला. बुद्धप्रियाचा भाग मात्र, वरण उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक करावा तसा, हळूहळू बारीक होत गेला.

एकदा असंच माणसं हसत होती आणि दारात बुद्धप्रिया दिसली. कधीपासून उभी होती कोण जाणे. ती हसत नव्हती.

तुळजाबाईंनी डबी खाली ठेवली. "थांबा," त्या म्हणाल्या, "हसायचं संपलंय. ह्या बाईंचा रुपया खरा होता. आम्ही लातूरला चारचौघांत त्यांना खोटं ठरवलं. मला ठावं असून मी वरणाचा डबा धरून बसले."

हणमंतराव उठले, हात जोडले, आणि एवढंच म्हणाले, "माझंच चुकलं, बाई."

बुद्धप्रिया टेबलाजवळ आली. "बाबांचं कार्ड हाय का?"

हणमंतरावांनी खिशातून काढून दिलं. तिनं दुमडलेला कोपरा नखानं सरळ केला.

"हे लावा," ती म्हणाली. "रुपया घरीच राहील."

तुळजाबाईंनी काचेत जागा केली. मोकळ्या मखमलीवर कार्ड तेवढं ठेवलं. येणारे विचारायचे, इथलं नाणं कुठं गेलं? आणि दर वेळी, मान खाली घालून, त्यांना पहिल्यापासून सगळं सांगावं लागायचं. कुणी हसलं न्हाई.