बिनखिशाचा मिस्त्री

मिस्त्रींच्या एकाही शर्टाला खिसा नाही. नवा शर्ट घरात आला की बायको आधी ब्लेडने खिशाची शिवण उसवते आणि मगच तो त्यांना घालायला देते. "दुकानदार खिशासकट शर्ट विकतो आणि आपण खिसा फेकून देतो," असं ती दरवेळी पुटपुटते, पण उसवते. तिला कारण माहीत आहे. गॅरेजातल्या लोकांना माहीत नाही, म्हणून ते 'बिनखिशाचा मिस्त्री' म्हणून हसतात. मिस्त्रीही हसतात. हसण्यावारी गेलेलं बरं असतं.

ट्रकच्या पॉवर स्टेअरिंगचं काम त्यांच्यासारखं कुणाला जमत नाही, हे त्यांच्यावर जळणारेसुद्धा कबूल करतील. दुसऱ्यांकडे गाडी आली की आधी पाने बाहेर येतात. मिस्त्री आधी विचारतात, जड कधी लागतं? उभ्या गाडीत की चालत्या? एकाच बाजूला की दोन्हीकडे? मग स्टेअरिंगच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडून वास घेतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. निम्मा आजार तिथेच कळतो.

अकरा वर्षांपूर्वी त्यांनी एका ट्रकचा पंप बदलला. त्याचा ड्रायव्हर मोठा हट्टी, मिस्त्रींशिवाय कुणाला स्टेअरिंगला हात लावू देत नसे. पंपासोबत चाकांकडे जाणारा लांब दांडाही खोलून परत बसवला. त्या दांड्याचा नट सैल होऊ नये म्हणून त्यातून एक स्प्लिट पिन आरपार घालायची आणि तिचे पाय वाकवायचे. बोटाएवढी वस्तू, पण ती नसेल तर नट धक्क्याधक्क्याने फिरत निघून येतो. मग ड्रायव्हरने हातातलं चाक कितीही फिरवलं तरी रस्त्यावरची चाकं ऐकत नाहीत.

मिस्त्रींची तेव्हाची सवय अशी, की नट आवळताना पिन ओठांत धरायची. त्या दिवशी मध्येच कुणीतरी हाक मारली. ओ द्यायची म्हणून त्यांनी पिन ओठांतून काढली. पुढे ती दांड्यात घातली की खिशात टाकली? गाडी निघून गेल्यावर तासाभराने खिशात हात गेला आणि बोटांना पिन लागली. 'जास्तीची असेल,' असं त्यांनी स्वतःला समजावलं. फोन समोरच होता. त्यांनी केला नाही.

तिसऱ्या दिवशी बातमी आली. घाटातल्या एका वळणावर गाडी वळलीच नाही, सरळ गेली. लख्ख दुपार, कोरडा रस्ता. ड्रायव्हर जागच्या जागी गेला. चौकशीच्या कागदावर 'चालकास झोप लागली' असं लिहिलं गेलं आणि प्रकरण मिटलं. मिस्त्रींचं मात्र मिटलं नाही. तो माणूस त्यांच्या मानगुटीवर बसला तो बसलाच. पंपाला कान लावला की आतल्या घरघरीतून त्याचा आवाज येई, "मिस्त्री, घातली ना?" जेवताना येई, दाढी करताना येई. बायकोने खिसे उसवले, पण त्याने काय होणार?

या उन्हाळ्यात एक ट्रक आला आणि केबिनमधून पंचविशीची एक मुलगी खाली उतरली.

"काका, वळवताना जड लागतं. आणि पंप गुरगुरतो."

मिस्त्रींनी टाकी उघडली. तेलावर साबणासारखा फेस. टाकीकडून पंपाकडे येणारा पाइप कडक होऊन चिरला होता आणि तिथून हवा आत ओढली जात होती. त्यांनी पाइप बदलला, पुढची चाकं जॅकवर उचलली आणि मुलीला स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला लावलं. आतली हवा निघून फेस थांबेपर्यंत ते टाकीत बघत उभे राहिले.

"झालं," ते म्हणाले. "आता एका बोटाने वळव."

"बाबा म्हणायचेच," ती हसत म्हणाली, "स्टेअरिंग दाखवायचं तर मिस्त्रींनाच." आणि तिने बाबा कोण ते सांगितलं.

मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. ते स्टुलावर बसले. मग सगळं सांगून टाकलं. ओठांतली पिन, खिशातली पिन, न केलेला फोन. "घातली की नाही, मला आठवत नाही, पोरी. देवाशपथ आठवत नाही."

त्यांना वाटलं होतं, ती ओरडेल. पण तिचा चेहरा उजळला.

"म्हणजे बाबा झोपले नसतील?" तिने विचारलं. "आई अकरा वर्षं मान खाली घालून जगतेय, काका. नवरा गाडीवर झोपला म्हणून. मला कामावर घेताना मालकानेही विचारलं, बापासारखी झोपत नाहीस ना?" मग ती घाईघाईने म्हणाली, "तो दांडा आहे माझ्याकडे. बाबांच्या गाडीची आठवण म्हणून भंगारवाल्याकडून मी मागून आणला होता. उद्या आणते."

दुसऱ्या दिवशी तिने गोणपाटात बांधलेला दांडा टेबलावर ठेवला. वाकलेला, टोकाला मोडक्या लोखंडाचा तुकडा आणि त्यावर माती नि ग्रीसचं दगड झालेलं ढेकूळ. नट त्याच्या आत होता. मिस्त्रींनी रॉकेल ओतलं, तारेच्या ब्रशने घासायला घेतलं. ढेकूळ थराथराने सुटत गेलं.

पिन होती. एक पाय बोल्टच्या टोकावर वळवलेला, दुसरा आखूड कापून खाली दाबलेला. असे पाय तेच वळवतात.

"आहे! घातली होती मी!" ते ओरडले आणि हसता हसता रडायला लागले. अकरा वर्षांनी त्यांच्या छातीत पहिल्यांदा पुरता श्वास गेला. मग त्यांचं लक्ष मुलीकडे गेलं.

"म्हणजे नट सुटला नव्हता," ती म्हणाली.

"नाही."

"म्हणजे बाबा झोपलेच होते."

ती गोणपाट गुंडाळायला लागली. सुतळीची गाठ तिला बसेना. मिस्त्री बघत राहिले. अकरा वर्षांपूर्वी त्या दिवशी नव्या पंपातली हवा त्यांनी तीनतीनदा काढली होती. फेस पार थांबला होता. "टाकीतच मुक्काम करताय का?" असं तो ड्रायव्हर चिडवत होता, तेही त्यांना आठवत होतं.

"थांब," ते म्हणाले. "पिन होती. पण पंपातली हवा मी पुरती काढली नव्हती. घाई केली. हवा राहिली की ऐन वळणावर स्टेअरिंग दगड होतं. तुझे बाबा झोपले नव्हते."

तिने मान वर केली.

"हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

"आणि काल मला पिनेची गोष्ट सांगितलीत."

मिस्त्री टेबलावर सांडलेलं रॉकेल पुसायला लागले. तिने दांडा खांद्यावर घेतला. "आईला सांगते मी," ती म्हणाली. "आणि यापुढे माझ्या गाडीला हात लावायचा नाही." आता तिचा ट्रक गॅरेजसमोरून जातो, पण थांबत नाही.

मिस्त्रींनी घरी सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "तिच्या आईचं भलं झालं. आणि खरं काय ते तुम्हाला माहीत आहे ना, मग झालं."

"माहीत आहे," मिस्त्री म्हणाले, आणि दोनतीन आठवडे ते खरोखर सुखाने झोपले.

मग एका सकाळी ते कुणाच्या तरी ट्रकची हवा काढत होते. फेस हळूहळू विरत होता, तो बघताना त्यांनी सहज त्या दिवसाचा फेस आठवून पाहिला. ड्रायव्हरचं चिडवणं शब्दन्‌शब्द ऐकू आलं, पण टाकी काही डोळ्यांसमोर येईना. फेस थांबला होता, की त्याआधीच त्यांनी झाकण लावलं होतं? हातातलं काम तसंच टाकून ते दुपारपर्यंत आठवत बसले, आणि काही केल्या त्यांना आठवेना.