बानूबाई आणि साहेबाचं मनगट

पेडगावात कुणाचा पाय मुरगळला, खांदा उतरला की माणसं सरळ बानूबाईच्या मेंढवाड्याकडं निघायची. बानूबाई शिकली ती मेंढरांवरच. कोकरांचे मोडलेले पाय बांधता बांधता माणसांचे हातपाय कधी तिच्या हाताखाली आले, ते तिलाही सांगता आलं नसतं. पण माणूस काय नि मेंढरू काय, ती दोघांना सारखंच दटावायची. "गप पड की! मरायलास का काय?" पाटील असो नाहीतर पाटलाचा गडी, हेच ऐकावं लागे.

पोलीस ॲक्शनला तीन वर्षं झाली होती. निजामाचा अंमल गेला, नवे साहेब आले. त्यातलेच एक बांधकाम खात्याचे दिनकरराव. माणूस हैदराबादेत वाढलेला आणि तिथंच त्याला गोल्फचं वेड लागलेलं. वाकड्या टोकाची काठी घ्यायची, टणक पांढरा चेंडू हाणायचा, त्याच्या मागं मैलभर चालायचं, शेवटी तो एका भोकात घालायचा आणि पुन्हा बाहेर काढायचा! "ह्यांना घरी काम न्हाई का वो?" असं विचारून बानूबाई पोट धरून हसली होती. पण दसरा झाला आणि साहेबांनी खेळायला पेडगावचा माळ धरला. माळावर मेंढरांना मनाई झाली. मग मात्र तिचं हसू पार गेलं.

थंडीत मेंढरांना दुसरं असतंच काय? शेतात शाळू उभा, कापणी होईस्तोवर कुणी बांधावर उभं करत नाही. माळ हाच काय तो आधार. आता साठ मेंढरं हाकत ती आणि तिचा नवरा भुजंग रोज दोन कोस ओढ्यापल्याड जायचे. चालून चालून मेंढ्या आटल्या. दूध नाही म्हणून पौषात तीन कोकरं गेली. तिसरं पुरताना बानूबाईनं माळाकडं बघून जी शिवी हासडली, ती इथं लिहिण्यासारखी नाही.

आणि त्याच आठवड्यात साहेबांची जीप तिच्या दारात उभी राहिली.

सकाळची वेळ, दात वाजवणारी थंडी. साहेबांचा शिपाई बन्सीधर गावातलाच. तोच त्यांना धरून घेऊन आला. साहेबांचा चेहरा पांढराफटक, उजवं मनगट सुजून टम्म झालेलं. सरकारी डॉक्टर दौऱ्यावर गेलेले, मग दुसरं जाणार कुठं?

भुजंगनं बायकोला बाजूला ओढलं. "लय चांगला सापडलाय. आधी माळ मोकळा करा म्हनावं, मंग हात लाव."

"दुखतं धरून सौदा करू व्हय?" बानूबाई त्याच्यावरच भडकली. "भांडान हाय ते हायच. हात बांधून झाला की भांडते. तू चुलीत वीट टाक जा."

वीट तापली. फडक्यात गुंडाळून तिनं मनगट शेकलं, तिळाचं तेल चोळलं आणि चोळता चोळता विचारलं, "कसं झालं वो?"

"उजाडता उजाडता आलो," साहेब कण्हत म्हणाले. "जीपमधून उतरून पहिलाच फटका मारला. काठी गवताच्या ठोंबात अडकली आणि हात पिरगळला."

"उतरलं की फटका? अंग गारठलेलं, आन् चार पावलं चालनं न्हाई, हात चोळनं न्हाई! थंडीत आमी मेंढरालाबी उठल्या उठल्या पळवीत न्हाई, शिरा धरत्यात त्याच्या. आन् ठोंब कुठून आलं?"

"वाढलं. गवतच ते."

"वाढनारच की! खानाऱ्यांना तुमीच हाकललं. दर साली ह्या वख्ताला माळ तळहातागत असतो."

बन्सीधर उगाच खोकला. साहेब म्हणाले, "बाई, हुकूम निघालाय. तो असा मागं घेता येत नाही."

तिनं हिसका दिला. साहेब केवढ्यानं ओरडले! हुकमाच्या रागानं ओढलं असं कुणाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं, पण हाड जागच्या जागी बसलं. हळद-चुन्याचा लेप लावून, बांबूच्या कामट्या ठेवून तिनं हात घट्ट बांधला. "पाच दिसांनी सोडायची पट्टी. माळावर या. मेंढरामागं असते मी."

"माळावर मनाई आहे."

"ठाव हाय," बानूबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दव वाळलं आणि तिनं मेंढरं माळावर घातली. भुजंगही घोंगडी खांद्यावर टाकून मागं चालला. बन्सीधर ओरडत धावला, "काकू, कोंडवाड्यात घालावं लागतंय बघा!"

"घाल की! माज्यासगट घाल. साहेबाची पट्टी मंग कोंडवाड्यातच सोडते."

आता बन्सीधर काय करणार? पाच दिवस तो बांधावरून नुसता ओरडत राहिला आणि पाच दिवस मेंढरं पोटभर चरली.

सहाव्या दिवशी ऊन वर आल्यावर साहेब आले. मेंढरं बघून लालबुंद झाले. "मी मनाई केली होती!"

"आधी हात द्या."

तिनं पट्टी सोडली, तेल लावलं, मनगट चारी बाजूंनी फिरवून बघितलं. मग म्हणाली, "आता बोला काय ते."

साहेबांनी काठी मागवली. तिनं सांगितलं तसे आधी माळावर दोन चकरा चालले, हात चोळले आणि मेंढरांनी खाल्लेल्या जागेवर उभं राहून हलकाच फटका मारला. काठी कुठंही न अडकता निघून गेली. त्यांनी खालचं खुरटं गवत बुटानं चाचपून बघितलं.

"बरं बाई," ते म्हणाले. "परवानगी देतो तुला. लेखी देतो."

"परवानगी कुनी मागितली?" बानूबाईचा आवाज चढला. "माज्या सासऱ्याची मेंढरं ह्या माळावर चरली, त्येच्या बापाची चरली. ह्या पौषात तीन कोकरं पुरली मी, तवा कुठं होती तुमची परवानगी? मी मागाया न्हाई आले साहेब, सांगाया आले. दव वाळलं की मेंढरं. ती म्होरं गेली की मागून तुमी. आन् त्येच्या आधी गारठ्यात येऊन पुन्ना हात मोडून घेतला, तर..."

भुजंगनं मागून तिचा पदर ओढला.

"...तर पुन्ना बांधीन. पर मेंढरं हलवनार न्हाई."

साहेबांच्या पुढ्यातच साठ मेंढरं चरत होती. ती पुढं सरकेपर्यंत साहेब काठी टेकून उभे राहिले.