सोमवारचे ब्रेक पॅड

माझा दादा चष्म्याच्या काचा घासतो. एका दुकानाच्या मागच्या खोलीत, पंचवीस वर्षं. फ्रेममध्ये काच केसभर सैल बसली तरी तो ती परत घेतो आणि गिऱ्हाइकाला तासभर ताटकळत ठेवतो. घरीही तेच. टेबल डुगडुगतं म्हणून एकदा त्याने पायांखाली कागदाच्या घड्या घातल्या, आणि घड्या सारख्या जाडीच्या नाहीत म्हणून पुन्हा काढल्या. असला काटेकोर माणूस गाडी पळवायच्या नादाला लागेल, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

गाडी म्हणजे तरी काय, बारा वर्षांची जुनी, छोटी, राखाडी. तिच्यातूनच तो दुकानात जातो, तिच्यातूनच किराणा येतो, आणि महिन्यातून एका रविवारी तीच ट्रॅकवर फिरते. तिथे शर्यत नसते. ज्याने त्याने आपल्या गाडीने आपलीच वेळ कमी करत बसायचं. शनिवारी दुपारी आम्ही दोघं गाडी तयार करायचो. मागचं सीट काढायचं, स्टेपनी आणि वहिनीची छत्री बाहेर, चाकांतली हवा मोजायची, आणि पुढच्या दोन चाकांचे ब्रेक पॅड बदलायचे. ट्रॅकचे पॅड वेगळे असतात. तापले की असे धरतात की सीटचा पट्टा छातीत रुततो. पण थंड असले की नुसते घासत राहतात आणि गाडी आपली पुढे जातच राहते. म्हणून रविवारी परत आल्यावर, हातपाय धुवायच्याही आधी घरचे पॅड बसवायचे, हा दादाचा नियम. "उद्या हिच्यात घरची माणसं बसणार आहेत," असं दर वेळी म्हणायचा. मला पाठ झालं होतं.

वहिनी रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकली. सोमवारी सातला लॅब तिने उघडायची, म्हणून सोमवारी गाडी तिची. पहिल्या सोमवारी घरी आली ती बोटाभोवती किल्ली फिरवतच जिना चढली. मी चिडवलं, "वहिनी, आता ट्रॅकवर कधी?" तर म्हणाली, "भावजी, आधी मला रिव्हर्स जमू दे, मग तुमच्या दादाला हरवते."

त्या रविवारी दादाने स्वतःची वेळ दोन सेकंदांनी कमी केली होती. घरी पोचेपर्यंत दोघांच्याही पाठी बोलायला लागल्या होत्या. मी म्हणालो, "दादा, सकाळी करू रे. वहिनी साडेसहाला निघते, आपण पाचला उठू." तो जॅककडे बघत राहिला आणि "बरं" म्हणाला. सल्ला माझा होता, हे मी आधीच सांगून टाकतो.

पाचला कुणीही उठलं नाही.

उताराखालच्या कोपऱ्यावर, दूधकेंद्राच्या कठड्यावर गाडी आदळली. वेग फार नव्हता. दिवा फुटला, कठडा वाकला. पण तिथे स्टुलावर रोज एक आजोबा बसायचे, ते काठी टाकून मागे सरकले म्हणून वाचले. फोन आला तसे आम्ही धावत गेलो, तेव्हा वहिनी त्यांची काठी हातात घेऊन उभी होती. आजोबा ती परत मागत होते आणि तिला ऐकूच येत नव्हतं.

"मी ब्रेक दाबला होता हो," ती दादाला म्हणाली. "पूर्ण दाबला होता. गाडी थांबलीच नाही."

भोवतालचे म्हणाले, घाबरून भलत्याच पेडलवर पाय पडला असेल. सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "होतं असं. हात नवीन आहे अजून."

पुढचं सांगायची मला लाज वाटते, पण सांगतो. गाडी घरी आणल्यावर वहिनी आत पडून होती आणि आम्ही दोघांनी खाली जाऊन पॅड बदलले. मी चाक धरलं होतं. दादाच्या हातून नट दोनदा खाली पडला. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने ब्रेक तपासले, एकदम चोख निघाले. वहिनीने ते ऐकलं, लायसन्स कपाटात ठेवलं आणि लॅबला दोन बस बदलून जायला लागली.

चार महिने गेले. पाहुणे आले की वहिनी स्वतःच ती गोष्ट रंगवून सांगायची, "ब्रेक कुठला आणि काय कुठलं, मला कळेल तर ना!" सगळे हसायचे. दादा पाणी आणायला उठायचा. एवढं पाणी आमच्या घरात कुणीच पीत नव्हतं. ट्रॅकवर एकदा गेला, तर प्रत्येक वळणाआधी नको तेवढा लवकर ब्रेक मारायला लागला. वेळ वाढली ती वाढलीच. परत येताना म्हणाला, "मला ते आजोबा दिसतात रे." मला काय वेगळं दिसत होतं?

मग एका रविवारी सकाळी तो वहिनीला म्हणाला, "चल, जरा गाडी चालव." ती नकोच म्हणत होती. तरी बंद कारखान्याच्या मोकळ्या आवारात आम्ही तिला नेलं. दादाने प्लॅस्टिकचे शंकू ओळीने मांडले. पहिल्या खेपेला ती शंकूच्या हातभर अलीकडे थांबली. मग दादाने जॅक लावला आणि तिच्या देखत ट्रॅकचे पॅड बसवले.

"आता तेवढ्याच वेगाने ये, तिथेच दाब."

तिने दाबला. गाडी तीन शंकू आडवे करून थांबली.

"हेच," ती म्हणाली. "अगदी हेच झालं होतं."

"त्या सोमवारी हेच पॅड होते," दादा म्हणाला. "मी बदलले नव्हते."

"तुम्हाला कधी कळलं?"

"फोन आला तेव्हाच."

मी मध्येच म्हणालो, "वहिनी, सकाळी करू असं मी म्हणालो होतो." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"चार महिने मी माझ्या पायाचा राग राग केला," ती दादाला म्हणाली. "लॅबमध्ये सुई टोचायच्या आधीसुद्धा दोनदा थांबायचे. म्हटलं, हातही असाच फसवेल."

तिने घरचे पॅड लावायला सांगितले. नट घट्ट आहेत असं तो म्हणाला, तर म्हणाली, "तुमचं 'आहेत' नको. पाना द्या." आठही नट तिने स्वतः आवळून पाहिले. मग चालवायला बसली. आम्ही मागे बसलो, दोघंही, शाळेतून घरी धाडल्यासारखे.

ती घरी गेली नाही. उतार उतरली आणि दूधकेंद्रापाशी, कठड्याच्या बरोबर अलीकडे गाडी उभी केली. आजोबा स्टुलावर होते. गाडी ओळखून त्यांनी काठी जवळ ओढली.

"उतरा," वहिनी म्हणाली. "सांगा त्यांना. भावजी, तुम्हीपण."

आम्ही उतरलो. दादाने सगळं सांगितलं, पॅडचं, झोपेचं, "हात नवीन आहे"चं. दूध न्यायला आलेली माणसं थांबून ऐकत होती. आजोबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि आमच्या मधून वाकून गाडीकडे पाहिलं.

"म्हणजे बाईंनी ब्रेक दाबला होता?"

"दाबला होता," दादा म्हणाला.

"मोठ्याने सांगा," आजोबा म्हणाले. "त्यांना गाडीत ऐकू गेलं पाहिजे."